रंगाऱ्याच्या मुलीचा नमुना

प्रयोगशाळेत त्यांना सगळे नाकवाले म्हणत. खोकला-तापाच्या रुग्णांच्या नाका-घशातून घेतलेले नमुने तपासायचे आणि कोणता जंतू बाधला ते शोधायचं, हे काम सव्वीस वर्षं केल्यावर दुसरं नाव कुठून पडणार? बायको तर सरळ म्हणायची, "जगाच्या नाकात नाक खुपसून झालं असेल तर जेवायला या." नाकवाले हसत. कामात मात्र ते कधी इकडचं तिकडे होऊ देत नसत.

रंगाऱ्याच्या मुलीच्या बाबतीत ते झालंच. पाच वर्षांची पोर, दोन दिवसांत छाती भरली आणि गेली. तिच्या नमुन्यात काहीच सापडलं नाही. असे नमुने फ्रीझरात पडून असतात आणि नवं यंत्र आलं की त्यांच्यावरच हात बसवून घेतात. नाकवाल्यांनीही या नमुन्याचं तेच केलं, त्यात तो बराचसा खर्ची पडला. त्याबद्दल कुणी विचारायला येईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

रंगारी आला तो महिन्याभराने. कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे, खिडकीपाशी अंग चोरून उभा.

"साहेब, माझ्या पोरीला कशानं झालं?"

"सापडलं नाही हो."

तो गेला, पण मग दर मंगळवारी यायला लागला. तिसऱ्या खेपेला पोटातलं ओठावर आलं. "त्या आठवड्यात मला खोकला होता. भिंती घासल्याची धूळ असेल म्हणून मी तिला कुशीत घेऊनच झोपलो. बायको तोंडानं काही म्हणत नाही. पण माझ्याकडे बघतही नाही."

नाकवाल्यांनी जुन्या नोंदी काढून पाहिल्या. मुलीच्या शाळेत तेव्हा एका जंतूची साथ होती. तोच जंतू हिच्यात सापडला, तर हा बिचारा सुटला असता. त्या जंतूची चाचणी प्रयोगशाळेत आली चार महिन्यांनी, तेव्हा नळीत जेमतेम एका खेपेपुरतं उरलं होतं. नाकवाल्यांनी ती स्वतः लावली, कुणाला हात लावू दिला नाही. दोन तास यंत्रासमोर बसले. पडद्यावरची रेघ सपाटच राहिली, जंतू दिसला नाही. एवढ्या जुन्या नमुन्यात एकदा आलं नाही म्हणजे नव्हतंच असं नसतं. पुन्हा लावून बघायला हवं होतं. पण लावायला काही उरलं नव्हतं, आणि ते कुणी संपवलं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मंगळवारी त्यांनी रंगाऱ्याला आत बोलावून खुर्ची दिली आणि सगळं सांगून टाकलं, हात बसवण्यापायी वाया घालवलेलंसुद्धा. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझ्याकडून गेलं नाही, असं म्हणता येत नाही?"

"नाही."

"माझ्याकडूनच गेलं, असंही नाही?"

"तेही नाही."

रंगारी खुर्चीत पुढे सरकला. "शाळेतलंच होतं, एवढं कागदावर लिहून द्या साहेब. बायकोला दाखवायला."

नाकवाल्यांनी कागद ओढला, पेन उघडलं. मुलीचं नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढे हात चालेना.

"नाही लिहिता येत मला," ते म्हणाले. त्यांना स्वतःची चीड आली.

रंगाऱ्याने मान हलवली. दारापर्यंत गेला आणि वळला.

"मग मंगळवारी येऊ, की नको?"

"या," नाकवाले म्हणाले.