कॅनव्हासच्या बुटाची निरगाठ

बारामतीच्या शाळेत दहा वर्षं चित्रकलेचा तास माझा होता. आंबा, तांब्या, पोपट हे माझे ठरलेले विषय, आणि माझा तांब्या फळ्यावर असा गोल उतरायचा की येणारेजाणारे खिडकीशी थांबायचे. मग पुण्याहून एक तरुण मास्तर आला. हा टेनिस खेळायचा. संध्याकाळी कॅनॉलखात्याच्या साहेबांच्या बंगल्यावर खेळायला निघाला की पांढरे कॅनव्हासचे बूट धुळीनं मळू नयेत म्हणून वाटभर हातात धरून न्यायचा. मला ते बघूनच तिडीक यायची.

एके दिवशी त्यानं माझ्याच फळ्यावर तो बूट काढला. तळाची एक आडवी रेघ, पुढं चवड्याची गोलाई, मागं टाच, वर घोट्याकडं जाणारा चढ आणि मधे नाडीच्या चार तिरक्या रेघा. संपलं. आठ रेघा! आणि बूट असा, की पाय घालावा आणि पळत सुटावं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तांब्याला दहा वर्षांत कुणी टाळी दिली नव्हती.

हेडमास्तर म्हणाले, दिप्टीसाहेब शाळेच्या तपासणीला येतील, चित्रकलेचा तास कुणाकडं ठेवायचा ते त्यांनाच विचारू. तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. घरी पाटीवर बूट गिरवत बसायचो. बायको म्हणाली, "अवो, ह्ये पोटाचं दुखणं ववा खाऊन जायचं न्हाय."

तपासणीच्या दोन दिवस आधी तो तापानं आडवा झाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी वर्गात गेलो आणि बूट काढला. रेघा मोजून आठ. पण त्याच्यापेक्षा काहीतरी जास्त दाखवायलाच हवं होतं. त्यानं नाडीची गाठ काढली नव्हती, मी काढायची ठरवली. माझ्या पायात बूट कधी गेले नव्हते. मी पिंपळीच्या शेतकऱ्याचा मुलगा, दाव्याला बैल बांधत वाढलेला. जे पळताना सुटू नये ते निरगाठीनं बांधायचं, एवढं हाताला ठाऊक. तशीच घट्ट निरगाठ काढली, शेंडा आत खोचून. पोरंही बैल बांधणाऱ्यांचीच, कुणाला काही खटकलं नाही. सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली.

दिप्टीसाहेब स्वतः टेनिस खेळणारे निघाले. वह्या चाळता चाळता त्यांना हसू आवरेना. "अहो, हा बूट माणसाचा की बैलाचा? ही गाठ सोडायला कात्री लागेल! कुणी शिकवलं हे?"

पोरं माझ्याकडं बघत होती. नवा मास्तर तापातून नुकताच उठून आला होता, भिंतीला टेकून उभा होता. त्यानं एकदा वही बघितली, एकदा मला.

"मी, साहेब," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

"खेळता म्हणे, आणि सुरगाठ येत नाही?" साहेबांनी वही मिटली आणि हेडमास्तरांना सांगितलं, "चित्रकला आपल्या जुन्या मास्तरांकडंच राहू द्या."

मी तरीही गप्पच राहिलो. बाहेर व्हरांड्यात त्याला गाठून विचारलं, "कशाला बोललात?"

"तुमची दहा वर्षं आहेत, गुरुजी," तो म्हणाला, आणि खोकत निघून गेला.

त्याच्या बुटांचा मी हेवा केला, रेघांचा केला, टाळ्यांचाही केला. पण त्या दिवशी जितका जळलो, तितका आयुष्यात कधी जळलो नाही. आठ रेघा मी गिरवून शिकलो होतो. हे गिरवून येणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरं ओरडली, "गुरुजी, बूट काढा की!"

मी फळ्यावर तांब्या काढला. तो वाकडा आला.