वेगळी खोली

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला औषधांच्या डोसांच्या गणितांची एक परीक्षा असे, दर काही महिन्यांनी सगळ्यांनाच द्यावी लागणारी. त्यात एकही चूक चालत नसे. मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा झाले असते तर कोर्समधून नाव बाहेर. गणितं मला येत होती हो! पण हॉलमध्ये कुणी पेन टकटकवलं की लक्ष गेलंच त्याच्यामागे, आणि ते परत येईपर्यंत वेळ संपलेला. कॉलेजच्या डॉक्टरांनी तपासून एडीएचडी सांगितलं, शांत खोली आणि जास्त वेळ मंजूर केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या पेशंटला इंजेक्शन देणार मी, आणि मला शांत खोली लागते?

आईला एवढंच म्हटलं, "या वेळी वेगळं बसवणार आहेत."

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा पॉटलक होता, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. आई गुळपोळ्या वाढता वाढता सांगत सुटली, "हिला परीक्षेला वेगळी रूम देतात. स्पेशल!" एका काकूंनी तर ब्लड प्रेशर बघायला हातच पुढे केला. "बघ गं बाई, आता घरचीच नर्स!" त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, कायम पहिली. परीक्षेच्या हॉलमध्ये ती मला कधी दिसली नव्हती. पटापट सोडवून निघून जात असेल, असं मी धरून चालले होते. ती सगळं ऐकतेय हे बघून माझे कान तापले.

गाडीत मी भडकले. "आई, हुशार म्हणून नाही गं! डोकं जागेवर राहत नाही म्हणून वेगळं बसवतात!"

"माहितेय मला. लहानपणापासून बघतेय."

"मग असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू लोकांना?"

मलाही तेच लपवायचं होतं, पण तिच्या तोंडून ऐकल्यावर फार लागलं.

परीक्षेच्या दिवशी लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून मी त्या खोलीत शिरले. आत एकच मुलगी बसली होती. काकूंची. कानात बोळे घातलेले. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी साधं 'हाय'सुद्धा म्हटलं नाही. लांबची खुर्ची धरली आणि पेपर सोडवला.

पास झाले. पाडव्याच्या पॉटलकला आईने ते जाहीर केलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "आमचीही पहिल्यापासून वेगळीच बसते. हुशार मुलांना गर्दीत सुचत नाही हो."

"हो ना!" आई घाईघाईने म्हणाली. दोघी मान खाली घालून श्रीखंड वाढत राहिल्या.

काकूंची मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "तू पण?" तिने हळूच विचारलं. तिला कुणाशी तरी बोलायचं होतं, हे मला कळलं. पण आजूबाजूला माणसं होती.

"काय मी पण?" मी म्हटलं, आणि वाटी घेऊन आईशेजारी जाऊन बसले.