आधीच मारलेला शिक्का

माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं माझ्या बायकोला वाटतं. हे एवढं मात्र मी तिलाही सांगितलेलं नाही. दोनदा ओठांपर्यंत आलं — आणि दोन्ही वेळा मी चहा मागितला.

मी दातांचा डॉक्टर, मूळचा घाटनांदूरचा. नवा नवा होतो तेव्हा माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात लागलो, आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. ऊसच नाही, तर गाळप कशाचं करणार? धुराडं गार पडलं. ज्या आवारात उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथे कारखान्याने चारा छावणी उघडली. जनावरांबरोबर माणसंही तिथेच राहायला आली. दर मंगळवारी एक खुर्ची, एक बॅटरी आणि केसपेपरचा गठ्ठा घेऊन मी तिथे दात तपासायला बसायचो.

खरं सांगू? माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते. दुष्काळाबद्दल असं बोलू नये, कळतं मला. पण ओल्या वैरणीचा तो वास, टँकर आला की उडणारी झुंबड, कुठकुठल्या गावांची शेजारी शेजारी बांधलेली जनावरं — आणि दुपारी लिंबाखाली बसलेले भानुदासआबा.

आबा गुरं राखणारे, साठीच्या घरातले. दोन लाल कंधारी बैल घेऊन आले होते आणि त्यांच्याबद्दल सुनांबद्दल बोलावं तसं बोलायचे — हा रुसतो, तो हावरट. पहिल्या मंगळवारी कुणी माझ्यासमोर तोंड उघडेना. शहरातून शिकून आलेला पोरगा, याला काय तोंड दाखवायचं? आबांनी तंबाखू मळली, चुना लावला, तळहात माझ्यापुढे धरला. मी चिमूट उचलली. कॉलेजात मला सवय लागलेलीच होती. पण त्या चिमटीनंतर खुर्चीसमोर रांग लागली. आमच्याकडे ज्याने तुमच्या तळहातावरची चिमूट खाल्ली तो परका राहत नाही.

आता शिक्क्याचं सांगायला हवं. किती वेळ टाळणार?

प्रत्येक पेशंटला तंबाखू सोडायला सांगायचं, समजावायचं, पुन्हा बोलावून विचारायचं, अशी वरून सूचना होती. त्यासाठी एक रबरी शिक्का मिळाला होता : ‘तंबाखू सोडण्याचा सल्ला दिला’. मी सकाळीच कोऱ्या केसपेपरांवर तो धडाधड मारून ठेवायचो. नंतर कुणाला एक शब्द बोलायचो नाही. ज्याची तंबाखू आपल्या गालात आहे त्याला ‘सोडा’ कुठल्या तोंडाने म्हणणार?

मग एका मंगळवारी आबा म्हणाले, कालवण तोंडाला झोंबतंय. मी बॅटरी मारली. डाव्या गालात, तंबाखूचा बार धरायच्या जागी, नखाएवढा पांढरा चट्टा. कापसाने पुसला, निघेना. तो कशाची सुरुवात असू शकतो हे मला पक्कं माहीत होतं. तंबाखू त्याच दिवशी सुटायला हवी होती, आणि आबांना मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं.

माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. कमरेची चंची सोडून त्यांनी हातात घेतली.

“तुमी सांगा डाक्टर, सोडू का? तुमी म्हनलं तर आत्ता फेकतो बगा ही.”

असा पेशंट मला पुन्हा कधी भेटला नाही. मी काय केलं? “बघू आबा, छावणी उठू द्या,” म्हणालो — आणि चिमटीसाठी हात पुढे केला.

का? त्यांनी सोडली असती तर मलाही सोडावी लागली असती. लिंबाखालच्या दुपारी गेल्या असत्या. बस्स, एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

पाऊस पडला, छावणी उठली, आबा बैल घेऊन गावी गेले. तीन वर्षांनी त्यांची लेक सुनंदा सासरहून, चौसाळ्याहून आली आणि त्यांना माझ्याकडे घेऊन आली. तोंडात दोन बोटंही जात नव्हती. तिने जुना केसपेपर पिशवीत जपून आणला होता. शिक्का वाचून ती माझ्यादेखत बापावर चिडली — डॉक्टरांनी तवाच सांगितलं होतं, कावून ऐकलं न्हाई?

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं. कष्टाने ओठ हलवत म्हणाले, “लई सांगितलं गं त्यांनी. मीच न्हाई ऐकलं.”

मी दिवा नीट करायला वळलो. दिवा नीटच होता.

पुढची पेरणी आबांनी पाहिली नाही. मी त्याच आठवड्यात तंबाखू सोडली आणि लोकांची सोडवायला लागलो. शाळांत, सोसायट्यांत, कारखान्यांच्या सभांत बोलतो. आणि प्रत्येक ठिकाणी आबांची गोष्ट सांगतो : एक आबा होते, त्यांना मी सांगून सांगून थकलो, पण त्यांनी ऐकलं नाही. पुड्या टेबलावर येऊन पडतात. या गोष्टीने कितीतरी माणसं सुटली, हे खरं आहे. ती गोष्ट खोटी आहे, हेही खरं आहे.

गेल्या महिन्यात चौसाळ्याला बोललो. सुनंदा पुढेच बसली होती. शेवटी उठून म्हणाली, माझ्या बापानं ऐकलं न्हाई, तुमी तरी ऐका. मग सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली. मी तिला थांबवलं नाही.

तो केसपेपर तिच्याकडे अजून आहे. त्यावरचा शिक्का मी सकाळीच मारला होता, आबा यायच्या आधी. त्यांना मी एकदाही सांगितलं नव्हतं.