धाकट्या जावेचा कटोरा

नसीमाच्या शोकेसमध्ये साटिनच्या काचेचे जुने कटोरे आहेत. पिस्ता, निळे, दुधी. सगळ्यांच्या कडा झालरीसारख्या मुरडलेल्या. ही काच चकाकत नाही, पण हात फिरवला तर रेशमासारखी लागते. एकेका कटोऱ्यासाठी तिने नाटे-दापोलीपर्यंत एसटीचे धक्के खाल्ले. मयताच्या घरी गेली तरी डोळे पुसता पुसता नजर आधी तिथल्या शोकेसवर. राजिवड्यात सगळे तिला हौशी म्हणतात. हौस कसली, जळफळाट तो.

सासरे बोटीवर होते. त्यांनी एडनहून आणलेला गुलाबी कटोरा सासूने मरण्याआधी दिला तो धाकट्या सुनेला, समरीनला. थोरलीच्या वाट्याला ठेंगा. बरं, समरीनला त्याची किंमत तरी असावी? ती त्यात लसूण ठेवायची. शेजारच्या स्वयंपाकघरात तो दिसला की नसीमाच्या अंगाची लाही लाही होई. पण मागणार कशी? थोरलेपण आड येई.

यंदाच्या रमजानात समरीनने इफ्तारीची भजी धाडली ती नेमकी त्याच कटोऱ्यात. नसीमाने भजी ताटात ओतली, कटोरा धुतला, पुसला, आणि परत काही केला नाही. कुणाचं भांडं रिकामं धाडायचं नसतं, हे निमित्त थोडे दिवस पुरलं. ईदला तिने स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा भरून नेला आणि खाली मान घालून म्हणाली, "समरीन, तुझा कटोरा माझ्या हातून फुटला गो."

"फुटू दे, भाभी. हाताला लागलं नाय ना?"

एवढंच. समरीनने रडायला तरी हवं होतं, असं नसीमाला वाटलं. कटोरा तिने कपाटात ओढण्यांखाली दडवला होता. फुटलेली वस्तू शोकेसमध्ये मांडणार कशी? दार लावून ती त्यावर हात फिरवी आणि बघायला कुणी नाही म्हणून चरफडे.

पुढच्या जुम्म्याला समरीन आली आणि ओढणीखालून तिने एक कटोरा काढला. गुलाबी, अगदी तसाच.

"तुम्ही मनाला लावून घेतलंत, भाभी. अम्मींनी जोडीच दिलेली मला. हा तुमच्याकडेच राहू दे." आणि तिने स्वतःच्या हाताने तो शोकेसमध्ये मधोमध ठेवला.

नसीमाला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी तिच्या छातीत एकच कळ उठली: म्हातारीने हिला दोन दिले होते.