सुई माझी चुकली

कांबळे डॉक्टर गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला, तेव्हा मी हिंगोलीच्या आमच्या दवाखान्यात सुया उकळत होतो. बहिणीकडे साखऱ्याला गेले होते, तिथंच छातीत कळ आली… भांड्यातलं पाणी आटून गेलं तरी स्टोव्ह बंद करायचं मला सुचलं नाही. दहा वर्षं मी त्यांचा कंपाउंडर होतो.

माणूस भारी चौकस. पेशंट बरा झाला तरी यांना चैन नाही. कशानं बरा झाला ते कळायला हवं. मी वैतागून म्हणायचो, "बरा झाला ना? मग काहून उकरून राहिले?" ते हसून पुस्तक उघडायचे.

रामधनचंही तसंच झालं. सेनगावकडच्या तांड्यावरचा तिशीचा गडी. दाढी विरळ, अंगात त्राण नाही, लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. तांड्यानं दोष अर्थातच बायकोच्या, सक्रीबाईच्या, माथी मारला होता. डॉक्टरांनी आधी रामधनचं वीर्य तपासलं. शुक्रजंतू होते, पण मोजके. शरीरात पुरुषी रस कमी पडतोय म्हणून त्यांनी त्याच रसाची इंजेक्शनं सुरू केली. वर्षभरात रामधनला मिशा फुटल्या, आवाज जाडावला, कामाला वाघ झाला. आम्ही खूश. मूल मात्र नाही. आता तर दोष बाईचाच, म्हणून घरचे दुसरी मुलगी बघायला लागले. सक्रीबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. "डॉक्टर, मला माहेरी धाडून राहिले. माह्यात काय कमी हाय, ते तरी सांगा."

डॉक्टरांनी रामधनला पुन्हा बोलावलं, जंतू बघायच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. काचेवर एकही जंतू नव्हता. "औषध तर लागू पडलं, मग हे काहून?" म्हणत त्यांनी औरंगाबादच्या आपल्या गुरूंना पत्र घातलं. उत्तर आलं, रस बाहेरून आयता मिळाला की शरीर स्वतःचा बनवायचं सोडतं आणि बीजही थांबतं.

नसबंदीच्या धास्तीनं माणसं तुरीत लपायची, ते आणीबाणीचं वर्ष. मी म्हणालो, "गपचूप सुई बंद करा. तांड्यावर कळलं तर सोडणार न्हाईत." त्यांनी सायकल काढली. मीही मागून गेलो. तांड्याच्या म्होरक्यासमोर, नाईकासमोर, ते म्हणाले, "बाईत दोष न्हाई. सुई माझी चुकली."

"म्हंजी तुमी याची नसबंदी केली?"

"तसंच झालं म्हणा. परत सुरू होईल असं वाटतं, खात्री देत न्हाई. तवर दुसरं लगीन थांबवा."

नाईक म्हणाला, "नसबंदीवाले कवा चुकलो म्हणत न्हाईत. येत्या दिवाळीपत्तोर थांबतो."

डॉक्टरांनी जुनी सुई बंद करून मुंबईहून वेगळी इंजेक्शनं मागवली. शरीराला स्वतःचा रस बनवायला लावणारी. गरोदर बायांच्या लघवीतून काढलेली. मला शिसारी आली. रामधन म्हणाला, "गोमूत्र चालतं, मंग हे काहून न्हाई?"

दिवाळीच्या तोंडावर काचेवर हालचाल दिसली. मी रामधनला हाक मारणार, तोच डॉक्टर म्हणाले, "आधी तिला दाखवा." मी लाजेनं अर्धा झालो. सक्रीबाईनं डोळा लावला. "वळवळून राहिले की," म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली. पुढल्या वर्षी त्यांना मुलगी झाली.

डॉक्टर गेल्याचं कळलं म्हणून परवा सक्रीबाई लेकीला घेऊन आली. मी बंद दवाखाना उघडला. तिनं पोरीला स्टुलावर उभं करून दुर्बिणीला डोळा लावायला लावला. सवयीनं मी खालचा आरसा खिडकीकडे फिरवला.

"काय दिसतंय गं?" मी विचारलं.

"उजेड," पोरगी बोबडं बोलली.

काच रिकामीच होती. मी पोरीला उतरवायला हात पुढं केला, तर सक्रीबाई म्हणाली, "पाहू द्या, भाऊ. मी तिला पहिल्यांदा इथंच पाहिलं."