गाळलेल्या पाण्यातले तांदूळ

अमानवीय गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही तो बसेल असं वाटत नाही. मी अबुधाबीत पाण्याच्या रसायनशास्त्रावर संशोधन करते. या धाग्यावरचे अनुभव वाचते ते बहुधा त्यांतल्या त्रुटी शोधण्यासाठी. आज माझ्याच अनुभवातली त्रुटी सापडत नाही, म्हणून लिहिते आहे… तेही वैतागून.

गेल्या हिवाळ्यात रास अल खैमाच्या डोंगरांत बऱ्याच काळानं चांगला पाऊस झाला आणि वर, एका जुन्या बांधामागे, तळं भरलं. भोवती बोरींची दाट राई. असं तळं काही आठवड्यांत आटतं. त्या पाण्याचा नमुना माझ्या पहिल्या स्वतंत्र प्रकल्पाचा पाया ठरणार होता — दुसरी संधी नव्हती. सोबत लॅबमधली सहकारी नजमा, मूळची रत्नागिरीची. आणि व्हिजिट व्हिसावर साताऱ्याहून आलेली आई, जिला 'एसीत गोठण्यापेक्षा' डोंगर चढायचा होता.

तळ्याकाठी पोचताच आईनं पिशवीतून ब्लाउजपीसची पुरचुंडी काढली. आत नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

"आई, हे काय?"

"ओटी. भरल्या पाण्याला रिकाम्या हातानं भेटतात का?"

"या पाण्यात कणही पडता कामा नये. चिमूटभर कुंकूसुद्धा माझ्या मशीनला दिसतं."

"मशीनला दिसतं. तुलाच दिसत नाही म्हणायचं."

नजमा हसली. "खलास. पॉइंट मावशींचा. पण मावशी, आज राहू दे हां, नाहीतर ही मला गाडीतसुद्धा घेणार नाही."

आईनं वाद घातला नाही. पुरचुंडी मांडीवर घेऊन ती बोरीखाली बसून राहिली. आमचं काम संपेपर्यंत पाण्याजवळ फिरकली नाही. मी तिच्यावर लक्ष ठेवून होते.

नमुना कसा घेतला ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं आहे. सिरिंजला फिल्टर लावून पाणी थेंबाथेंबानं बाटलीत सोडतात. त्या फिल्टरमधून बारीक गाळही जात नाही. त्याच गाळलेल्या पाण्यानं बाटली तीनदा विसळली, भरली, उन्हात धरून पाहिली — स्वच्छ. झाकणावर सील, सीलवर आम्हा दोघींच्या सह्या. बाटली बर्फाच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. तिथून थेट लॅबचा फ्रिज.

दुसऱ्या दिवशी सकाळी सील अखंड होतं. नजमानं बाटली उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. तळाशी पाच तांदूळ होते. कुंकू लावलेले, पाण्यानं फुगलेले.

"तू टाकलेस?" मी तिला विचारलं.

"कशातून? फिल्टरमधून?"

मी तशीच घरी आले. पुरचुंडी देवाजवळ होती. आईला गाठ सोडायला लावली. कापड कोरडं होतं. आतला नारळ मात्र ओला, त्याच्या शेंडीत तळ्याचा करडा गाळ.

आईला नवल वाटलं नाही. "पोचली म्हणायची. आणि ओटीतलं थोडं परत देतात, एवढं तरी आठवतंय ना?"

"मग माझ्याच बाटलीत का?"

"माझ्या हातात दिले असते, तर तू मानलं असतंस?"

फिल्टर पुन्हा तपासला. कुठेही फाटलेला नव्हता. फ्रिजच्या खोलीतलं कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं; कोणी आत आलेलं नव्हतं. नमुना बाद करावा लागला. कारण लिहिलं, 'बाह्य घटक, स्रोत अज्ञात'. हेच वाक्य ज्युनिअर्सनी लिहिलं की मी खोडायला लावते. या तपासण्या आटोपून काही आठवड्यांनी पुन्हा वर गेलो तेव्हा तळ्याचा तळ भेगाळला होता. प्रकल्प पुढच्या पावसावर गेला, आणि तो कधी पडेल हे या देशात कोणी सांगू शकत नाही. नजमा म्हणते, पुढच्या वेळी आधी ओटी, मग सॅम्पल.

बाटलीतलं सगळं मी तपासलं. तांदूळ माझ्याच स्वयंपाकघरातल्या डब्यातले. कुंकू आईच्या करंड्यातलं. पाणी त्याच तळ्याचं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत… फक्त ती एका बाटलीत कशी आली, ते मला आजही मांडता येत नाही.