एक घर, एक पत्रो

इंदूकाकीच्या हातावर कोणी देणगीचे पैसे ठेवायला गेलं की ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. समोरचा नोट पुढे करून उभा आणि काकी नुसती मान हलवतेय, असा देखावा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, बाईचं काहीतरी व्रत असावं. तसं काही नव्हतं. "पैशार तुझा नाव खंय रंगवू?" ती विचारायची. "पंखो दी. फिरूक लागलो की लोकांका तुझी आठवण येतली." मी म्हटलं, काकी, फिरत्या पंख्यावरचं नाव वाचता येत नाही. "मगे वीज गेल्यार वाचतले," काकी म्हणाली. आमच्याकडे त्यासाठी फार थांबावं लागत नाही. एकूण काय, आमच्या वाडीच्या समाजमंदिरात नाव नसलेली वस्तू सापडणं कठीण होतं. पंखे, खुर्च्या, पाण्याचं पिंप, सगळ्यांवर 'यांजकडून' होतं.

मी तिच्या तावडीत सापडलो तो निवृत्तीनंतर. तीस वर्षं कोल्हापूरला बँकेत काढून गावी आलो होतो. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी समुद्र, एवढाच माझा बेत होता. पाचव्या दिवशी काकी घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. तिला मी लहानपणापासून ओळखत होतो. तिचा नवरा मालवाहू बोटीवर असायचा आणि वर्षातून एकदा येऊन सगळ्या वाडीला परदेशी साबण वाटायचा. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती, मुलगा मुंबईला होता आणि काकी सत्तरीत. "अरुणा, तुझा अक्षर बरा आसा. समाजमंदिराचो चिटणीस हो." विचार करून सांगतो, असं मी बँकेच्या सवयीनं म्हटलं. "विचार कसलो करतंस? तुझ्या बायलेक विचारलंय मी. ती म्हणाली, न्हेवा तेका." बायको आत स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात घासत होती.

त्या समाजमंदिराचा त्याआधीचा उपयोग म्हणजे मतदान, पोलिओचे डोस आणि लग्नाच्या पंगतीची टेबलं ठेवणं. काकीनं तिथे शनिवारी शिवण सुरू केलं आणि बुधवारी चार वाजता फुगडी. चतुर्थीच्या स्पर्धेपुरता म्हणून सुरू झालेला हा फुगडीचा वर्ग पुढे वर्षभर चालायला लागला. काकीचं वय झालं होतं, पण फेर धरला की तिची पावलं कोणालाही हार जात नसत. फोंडाघाटची सुलभा लग्न होऊन वाडीत आली, तेव्हा तीन बुधवार दाराला टेकून नुसती बघत उभी राहिली. चौथ्या बुधवारी काकीनं तिचे हात धरून तिला मध्ये ओढलं. "तुझा वजन माझ्यार टाक गो. माझा तुझ्यार येतला. कोण पडाचा नाय." पोरगी घाबरून मागे रेलली, गरगर फिरली आणि थांबल्यावर इतकी हसली, की तिच्या सासूनं मला विचारलं, ही हसते हे तुम्हाला माहीत होतं का?

माझा या वर्गाला विरोध नव्हता, पण कुरकुर होती. दर बुधवारी चाळीस खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि नंतर परत मांडायच्या, हे काम चिटणीसाच्या कर्तव्यात कुठे लिहिलंय, असं मी एकदा विचारलं. "लिवक नाय तर लिव. चिटणीस तूच मां?" काकी म्हणाली.

मग ते वादळ आलं. वाडीतल्या माडांबरोबर समाजमंदिराचे अर्धे पत्रेही गेले. दोन तर तारकर्लीच्या वाटेवर सापडले, चुरगळलेले. बैठक बसली. एक बाहेरगावचा पर्यटनवाला तयारच होता. सगळं छप्पर मी घालून देतो म्हणाला, बदल्यात सभागृह माझ्या होड्या आणि लाइफ जॅकेटं ठेवायला द्या. मतदानाला रिकामं करून देईन. समाजमंदिराच्या अध्यक्षांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं, माझा हात अर्धा वर गेलाही होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून काकी उठली. "आणि वर्ग खंय भरतले?"

"भरवा कोणाच्या तरी खळ्यात," अध्यक्ष म्हणाले.

"खळा कोणाचा तरी आसता, अध्यक्षानू. ह्या आमचा आसा. खळ्यात फुगडी घातल्यार सासू पडवीत बसान बघता. हय सासू पण फुगडी घालता."

माझा हात खाली आला. काकीनं मिरगापर्यंत मुदत मागून घेतली. पाऊस यायच्या आत पत्रे चढले नाहीत, तर सभागृह त्या माणसाचं. मे महिना होता, चाकरमानी गावात होते. काकी घरोघर फिरली आणि मला वही धरून बरोबर फिरवलं. "एक घर, एक पत्रो," एवढंच बोलायची. पैसे पुढे आले की हात पाठीमागे. माणसं वैतागून मालवणला जायची, पत्रा घेऊन टेम्पोत टाकायची आणि मग त्याच माणसांना आपला पत्रा नीट बसतोय की नाही ते बघायला यावंसं वाटायचं. नावं पत्र्याच्या खालच्या अंगाला घालायची असं तिनं ठरवलं. "वरसून घातल्यार कावळे वाचतले."

नावांची यादी मी कॉम्प्युटरवर केली. निम्म्याहून जास्त पत्रे कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ होते, त्यामुळे 'कै.' हे अक्षर मी एकदाच घालून खालपर्यंत ओढलं आणि जे जिवंत होते त्यांचं नंतर काढून टाकलं. रंगाऱ्याला कागद दिला. मिरगाच्या दोन दिवस आधी शेवटचा पत्रा चढला. बायका आत आल्या आणि माना वर करून फिरायला लागल्या. कोणी सासऱ्याचं नाव शोधलं, कोणी आईचं. सुलभानं शिवणाच्या पैशांतून पत्रा दिला होता, स्वतःच्या नावानं. ती त्याच्याखाली उभी राहून ते तीन-तीनदा वाचत होती. आणि मग सगळ्यांच्या माना एकाच जागी थांबल्या. स्टेजच्या वर, अगदी मध्यावर, ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: कै. श्रीमती इंदुमती गावडे यांजकडून.

कै. श्रीमती इंदुमती गावडे खाली उभी होती. चष्मा घरी राहिला होता. "काय लिवला ता?" तिनं विचारलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मलाच सांगावं लागलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

काकी स्टेजच्या कडेवर बसली. आधी खांदे हलले, मग सगळी काकीच हलायला लागली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी मेलंय आणि माकाच कळवूक नाय? सुतक तरी कोण धरता काय बघूया!" मी रंगाऱ्याला फोन करायला लागलो, तर तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. "पत्रो माझो, नाव माझा. हात लावचो नाय."

त्यानंतर पाच वर्षं ती स्वतःच्या 'कै.'खाली उभी राहून वर्ग घेत होती. उशीर झाला की म्हणायची, "कैलासासून येवक वेळ लागता गो." मुलगा चतुर्थीला आला तेव्हा वर बघून भडकला आणि मला अद्वातद्वा बोलला, त्याचं चुकलं नव्हतंच. काकीनं त्याची समजूत घातली: "आज ना उद्या लागतलाच. रंगाऱ्याची एक खेप वाचली." तिच्या या बोलण्याला आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, पण मला ते आवडायचं नाही.

गेल्या माघात दुपारी जेवून झोपली ती उठली नाही. आठवड्याच्या आत अध्यक्ष माझ्याकडे आले. बिचाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आता वर्ग कोण चालवणार, सभागृह रिकामं पडेल, त्या होडीवाल्याला पुन्हा विचारूया का? मी शोकसभा होऊन जाऊ दे म्हटलं. काकीचा मुलगा गुरुवारी मुंबईला परतणार होता, म्हणून सभा बुधवारी चार वाजता ठेवली. वार माझ्या लक्षातच आला नाही.

सभागृह भरलं. अध्यक्ष मध्यभागी खुर्चीत, शेजारी मुलगा. मी दोन पानं लिहून नेली होती. उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "कैलासवासी इंदुमती गावडे..." एकजात सगळ्या माना वर गेल्या. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तोंडाला पदर लावायला तिला उशीर झाला होता. मग दुसरी हसली, मग सगळीच, आणि शेवटी मुलगासुद्धा, रुमालात तोंड खुपसून. शोकसभेत इतकं हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला पुढचं वाचता येईना. हसू होतं की रडू, ते मलाही सांगता येणार नाही. काकी मला फार हवी होती त्या क्षणी.

हसणं ओसरल्यावर सुलभा उठली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "चिटणीसानू, उरलेला मगे वाचा. सव्वाचार झाले. बुधवार आसा, आमचो वर्ग आसा."

बायका उठल्याच होत्या. पदर खोचले जात होते. सुलभाची सासू चपला काढून स्टेजसमोर येऊन उभीसुद्धा राहिली. सुलभा अध्यक्षांसमोर गेली. "अध्यक्षानू, तुमची खुर्ची वायंच बाजूक घेतास?"

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि दोन्ही हातांत एकेक अशा खुर्च्या उचलायला लागलो. अध्यक्ष उठले, आपली खुर्ची त्यांनी आपणच उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.